पवनचक्कीची दुरुस्ती, उद्यमनगर: वरचं काम पक्कं, विहिरीतलं कच्चं

पवनचक्की म्हटलं की हल्ली लोकांच्या डोळ्यांपुढं साताऱ्याकडच्या चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावरची पांढरी, तीन पात्यांची उंच यंत्रं येतात. ती वीज करतात. इथं विषय आहे पाणी उपसणाऱ्या जुन्या चक्कीचा: चार पायांचा 30 फुटी अँगलचा मनोरा, वर 10 फूट व्यासाचं चाक, त्यात पत्र्याची 18 पाती, मागं शेपूट आणि खाली विहिरीत पितळी सिलिंडरचा पंप. पन्हाळ्याच्या अंगाला, जांभ्याच्या पठारावर, गावच्या विहिरीवर ती उभी आहे. विहिरीवर विजेची मोटर बसली आणि चक्की बंद पडली, ती पडलीच. आता ग्रामपंचायतीनं जनावरांच्या हौदासाठी आणि शाळेच्या रोपवाटिकेसाठी ती पुन्हा सुरू करून घेतली. काम दिलं होतं कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका छोट्या कारखान्याला. त्या कामाचं हे परीक्षण. कारखान्याचं नाव मुद्दाम दिलेलं नाही, कारण खाली ज्या चुका सांगितल्या आहेत त्या असं काम अंगावर घेणारा कुणीही करू शकतो.

निकाल आधीच सांगून टाकतो. गिअरपेटी आणि बेअरिंगला पूर्ण गुण, चाक-शेपटाला बरे, विहिरीतल्या कामाला काठावर पास. हा क्रम उलटा असता तर गावाला जास्त पाणी मिळालं असतं. फिरणारं चाक दोन मैलांवरून दिसतं, सिलिंडरमधला झिजलेला वायसर, म्हणजे दट्ट्याभोवतीची पाणी अडवणारी चकती, कुणालाच दिसत नाही. कारागीर दिसणाऱ्या कामावर जीव ओततो आणि गिऱ्हाईकही तेच बघून पैसे देतं.

यंत्राची घडण अमेरिकन धर्तीची. डॅनियल हॅलडेनं 1854 मध्ये जोराच्या वाऱ्यात स्वतःला आवरून घेणारी चक्की काढली. 1880च्या दशकात थॉमस पेरीनं वक्र पात्यांवर हजारो प्रयोग केले आणि 1888 मध्ये शिकागोत एअरमोटर कंपनी त्या चाकावर उभी राहिली. 1915 पासून गिअर तेलाच्या बंद पेटीत आले. त्याआधी तेल घालायला कुणाला तरी सारखं वर चढावं लागायचं. आपल्याकडची चक्की याच बंद पेटीच्या जातीची आहे. भारतात बऱ्याच ठिकाणी दिसणारी ‘12 पीयू 500’, म्हणजे 12 पाती आणि 5 मीटर व्यास, ही वेगळी जात. तिच्यात गिअरच नसतात, चाकाच्या आसावरच फिरण्याचं वरखाली करणारा क्रँक असतो. तुमच्या गावात ती असेल तर पुढचं गिअरपुराण सोडून थेट विहिरीपाशी या.

उद्यमनगरच का, हा प्रश्न रास्त आहे. सावकाश चालणारी जुनी ऑइल इंजिनं इथं बनली, त्यांच्या बेअरिंगना बॅबिट, म्हणजे आसाखाली ओतायचा मऊ मिश्रधातू, ओतणारे हात इथं तयार झाले. गुऱ्हाळाच्या चरकाचे बिडाचे गिअर ओतणाऱ्या भट्ट्या शिरोलीपासून गोकुळ शिरगावपर्यंत आहेत. चक्कीच्या पेटीत नेमक्या याच दोन गोष्टी लागतात: बॅबिट आणि बिडाचे मोठे, सावकाश फिरणारे गिअर. पुण्या-मुंबईच्या वर्कशॉपात बॅबिटची बेअरिंगं काढून बॉलबेअरिंग घालायचा सल्ला मिळतो. तो ऐकू नये. पेटीचं बीड त्यासाठी बोअर करावं लागतं, मूळ भाग कायमचा जातो, आणि एकदा पाणी शिरलं की बॉलबेअरिंग गंजून अडकतं. बॅबिट तसं अडकत नाही, निवांत झिजत राहतं.

बॅबिटचं काम इथं जसं झालं ते सविस्तर सांगण्यासारखं आहे. जुनं बॅबिट वितळवून काढलं आणि बेअरिंगचं कवच ब्रशनं घासून कोरडं केलं. दीड इंची आसाच्या मापाचा एक मॅन्ड्रेल, म्हणजे आसाच्या जागी धरायचा गोल दांडा, लेथवर काढला आणि त्यावर रॉकेलच्या चिमणीची काजळी धरली. काजळीचा थर असला की बॅबिट लोखंडाला चिकटत नाही. मग मॅन्ड्रेल मध्यावर धरून दोन्ही तोंडं ओल्या चिकणमातीनं नव्हे, तर आधी वाळवून घेतलेल्या मातीच्या पट्ट्यांनी लिंपली. हा बारकावा महत्त्वाचा: ओलावा राहिला तर वितळलेला धातू फटाक्यासारखा उडतो आणि डोळे जातात. कवच हात लावता येणार नाही इतकं तापवलं. थंड कवचात धातू कडेला आधीच गोठतो, मागं पोकळी राहते आणि पहिल्या वर्षातच तुकडा सुटतो. बॅबिट सुमारे 89 टक्के कथील असलेलं, म्हणजे महागातलं होतं. शिशाचं स्वस्त बॅबिट मिस्त्रींनी स्वतःहून नाकारलं. धातू तयार झाला का हे बघायला त्यात लाकडाची काडी बुडवली: काडी लगेच काळी पडली पण पेटली नाही. मग एका दमात, हात न थांबवता ओतलं. मध्ये थांबलं की दोन थर होतात आणि त्या रेषेतच पुढं भेग जाते. गार झाल्यावर मार्किंग ब्लू लावून आस फिरवला, निळा डाग जिथं जिथं उठला तिथं तिथं स्क्रेपरनं कोरलं, आणि पुन्हा फिरवलं. असं आठ-दहा वेळा. शेवटी फट दोन-तीन थाऊची, म्हणजे इंचाचे दोन-तीन हजारावे भाग इतकी ठेवली. कोल्हापुरात अशा कामाला एकच शब्द आहे: नादखुळा.

गिअरचंही तसंच. इथं फसायला तीन वाटा आहेत आणि कारखाना तिन्हींतून सुखरूप निघाला.

पहिली वाट म्हणजे जुना गिअरच पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा नमुना, म्हणून वाळूत दाबणं. बीड गार होताना साधारण एक टक्का आकसतं, फुटाला एक अष्टमांश इंच. शिवाय जुना दात झिजलेला. म्हणजे नवा गिअर आकारानं लहान आणि दातानं बारीक निघतो, दोन दातांत खडखड राहते आणि वाऱ्याच्या प्रत्येक झटक्याला दात दातावर आपटतो. पॅटर्न वेगळा, आकसण्याची सूट धरून करायला लागतो.

दुसरी वाट मापाची. जुने गिअर इंची मापातले, ‘6 डीपी’चे, म्हणजे व्यासाच्या दर इंचाला 6 दात. आजच्या वर्कशॉपातले कटर मॉड्यूलचे, म्हणजे दर दातामागं व्यास किती मिलीमीटर या मापाचे. 25.4 भागिले 6 केलं की 4.233 येतं, म्हणजे ना 4 मॉड्यूल, ना सव्वाचार. लहान गिअरला 15 आणि मोठ्याला 50 दात. 6 डीपीत दोन आसांमधलं अंतर 137.58 मिलीमीटर. सव्वाचार मॉड्यूलनं दोन्ही नवे कापले तर अंतर 138.13 हवं. पेटीत आस जिथं आहेत तिथंच राहणार, त्यामुळं अर्धा मिलीमीटर कमी पडतो आणि गिअर एकमेकांत आवळून बसतात. 4 मॉड्यूल घातला तर अंतर 130 हवं, म्हणजे दात धड पोचतच नाहीत. “सव्वाचार घाला, चालतंय की,” असं सांगणारे गल्लीगल्लीत आहेत. या कारखान्यानं 6 डीपीचा हॉब, म्हणजे दात कापायचं हत्यार, शोधून आणला. त्यासाठी तीन आठवडे उशीर झाला आणि गावात कुरकुर झाली, पण उशीर योग्य कारणासाठी होता.

तिसरी वाट तेलाची, आणि ती सुटता सुटता सापडली. पेटीत आधी 90 नंबरचं गिअर तेल ओतलं होतं. चाक मिनिटाला वीस-पंचवीस फेरे घेतं. इतक्या सावकाश फिरणारा गिअर जाड तेल वरच्या बेअरिंगपर्यंत पोचवू शकत नाही, गिअर भिजतो आणि वरचं बेअरिंग कोरडं राहतं. सोपवण्याआधी ते बदलून हायड्रॉलिकचं 46 नंबरचं पातळ तेल घातलं. इंजिन ऑइलही नको. त्यातला डिटर्जंट कचरा तेलातच तरंगत ठेवतो, तो पेटीच्या तळाला बसायला हवा. तेल वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर बदलायचं, आणि पेटीवरचा पत्र्याचा टोप जागेवर आहे ना हे बघायचं. टोप उडालेल्या चक्कीच्या पेटीत एका पावसाळ्यात तेलाखाली पाणी साठतं.

पात्यांकडं आलं की गुण उतरतात. नवी 18 पाती 20 गेजच्या पत्र्याची, जेमतेम 0.9 मिलीमीटर जाडीची केली आणि मनोऱ्याच्या अँगलबरोबर गरम गॅल्व्हनायझिंगला धाडली. जस्ताचं कुंड 450 अंशांच्या आसपास असतं. त्यातून अँगल सरळ निघाले, पाती मात्र पापडासारखी वेडीवाकडी झाली. यात आश्चर्य काही नाही. पातळ पत्र्यासाठी आधीच जस्त चढवलेला पत्रा, चौरस मीटरला 275 ग्रॅम थराचा, घ्यावा. तो रोलवर वाकवावा आणि कापलेल्या कडांना झिंकचा रंग द्यावा. दुसऱ्या खेपेला तसंच केलं, पण पहिल्या खेपेचा पत्रा गावाच्या बिलात आला. कोटेशनमध्ये ‘पाती, गॅल्व्हनाइज्ड’ एवढंच लिहिलेलं होतं, त्यामुळं भांडायला जागा राहिली नाही. अँगलचं काम मात्र चांगलं: थर मोजून घेतला, 5 मिलीमीटरच्या अँगलवर 70 मायक्रॉनच्या वर होता. एक सूचना कुठल्याही गावासाठी: मनोऱ्यात किंवा शिडीत दोन्ही तोंडं बंद असलेली नळी असेल तर कुंडात घालण्याआधी तिला भोकं पाडलीच पाहिजेत. आत अडकलेली हवा आणि ओलावा नळी फोडतो.

चाक जमिनीवर जोडून तोलून घेतलं हे बरं केलं. तोल बघायची रीत सोपी आहे: चाक आडव्या आसावर मोकळं सोडायचं, हातानं वेगवेगळ्या जागी थांबवायचं, सोडलं की ते तिथंच राहायला हवं. एकच बाजू पुन्हा पुन्हा खाली आली तर समोरच्या बाजूला बोल्टखाली जाड पट्टी घालायची. हे वर चढून करता येत नाही. बोल्टचं मात्र तपासून घ्या. जुने अर्ध्या इंची बोल्ट विटवर्थ, म्हणजे जुन्या इंग्रजी मापाच्या, आट्यांचे, इंचाला 12 आटे. बाजारात अर्ध्या इंचीत 13 आट्यांचेही मिळतात. दोन फेरे बसतात, मग पान्हा लावून दामटले की नटाचे आटेच निघतात. पाच-सहा ठिकाणी तसं झालेलं होतं.

शेपटाबद्दल जरा तपशिलात जायला हवं, कारण आपल्याकडं वळीव आहे. या जातीच्या चक्कीत चाकाचा आस मनोऱ्याच्या मध्यापासून थोडा बाजूला असतो. वारा वाढला की चाक बाजूला वळायला बघतं, स्प्रिंग त्याला धरून ठेवते. वारा स्प्रिंगला भारी झाला, साधारण ताशी 40 किलोमीटरच्या पुढं, की चाक शेपटाला समांतर होतं आणि वाऱ्याला फक्त कड दाखवतं. हे सगळं एका बिजागरीच्या पिनवर अवलंबून. वर्षानुवर्षं उभ्या चक्कीत ती पिन गंजून एकजीव झालेली असते. एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळी वळवाचा वारा दिशा बदलत येतो आणि चाक वळलं नाही तर पाती पिळवटून निघतात. कारखान्यानं बिजागरीत गनमेटलचे बुश आणि ग्रीसचं निपल घातलं, हे उत्तम. पण स्प्रिंग मूळपेक्षा कडक घातली, “जास्त वारा घेईल” म्हणून. ही हौस महागात पडते. तपासायची पद्धत: खालच्या हँडलनं तार ओढल्यावर एका माणसाला चाक मिटवता, म्हणजे शेपटाला समांतर करता, यायला हवं, आणि हँडल सोडल्यावर शेपूट स्वतःहून परत उघडायला हवं. इथं तार ओढायला दोघं लागत होते. स्प्रिंग सैल केल्यावर जमलं.

आता सगळ्यात मोठी चूक. गिअरपेटीतून पंपाकडं जाणाऱ्या दांड्याचा वरचा तुकडा मूळ यंत्रात लाकडाचा असतो. तो स्वस्ताईसाठी नाही. खाली पंप गाळानं अडकला, तर कुठंतरी काहीतरी तुटणारच, आणि ते सगळ्यात स्वस्त, हाताला येणारं काहीतरी असावं म्हणून लाकूड. कारखान्यानं जुना दांडा कुजका बघितला आणि ‘मजबूत करून देतो’ म्हणत तिथं एक इंची लोखंडी नळी बसवली. म्हणजे आता पंप अडकला तर नळी तुटणार नाही, वरच्या पेटीतला नवाकोरा 6 डीपीचा दात तुटेल. इतका सुंदर गिअर कापणाऱ्यांनीच त्याचा विमा काढून टाकला! सांगितल्यावर बदलून दिलं: गाठी नसलेल्या, सरळ रेषेच्या सागाची पट्टी, जवसाच्या तेलात मुरवलेली. असा आणखी एक दांडा तयार करून पंचायतीच्या खोलीत आडवा टांगून ठेवावा. भिंतीला टेकून उभा ठेवला तर बाक येतो.

विहीर 45 फूट खोल, उन्हाळ्यात पाणी 38 फुटांवर जातं. हौद जमिनीपासून दहा फूट उंच, म्हणजे उचल सुमारे 48 फूट. सिलिंडर 3 इंची, स्ट्रोक, म्हणजे दट्ट्याची एका खेपेतली चाल, 8 इंची. गावातल्या काहींचा आग्रह होता की 4 इंची सिलिंडर घाला, पाणी पावणेदोन पट येईल. कारखान्यानं नाही म्हटलं आणि बरोबर केलं. 3 इंचीत दांड्यावर पाण्याचा भार सुमारे 67 किलो येतो, 4 इंचीत 118. तेवढा भार थांबलेल्या चाकाला उचलायला वारा एक तृतीयांश जास्त लागतो, आणि आपल्याकडं हिवाळ्यात वारा मुळातच मंद. मोठा पंप घालून चाक उभं राहण्यापेक्षा लहान पंप घालून दिवसभर फिरलेलं चांगलं.

इथपर्यंत ठीक. पण सिलिंडरला वर नळी जोडली दोन इंची. याचा अर्थ 3 इंची दट्ट्या नळीतून वर येऊच शकत नाही. वायसर बदलायचा म्हटलं की तिकाटणं उभं करा, चेन ब्लॉक, म्हणजे वजन उचलायची साखळीची कप्पी, लावा, अख्खी नळी, सिलिंडर आणि आतलं पाणी वर ओढा, सहा-सहा मीटरच्या नळ्यांचे सांधे सोडा, पुन्हा बसवा. चार माणसांचा अख्खा दिवस. त्याऐवजी तीन इंची नळीत पावणेतीन इंची सिलिंडर बसवला असता, तर दट्ट्या दांड्यासकट सरळ वर ओढून तासाभरात वायसर बदलला असता. पाणी प्रत्येक स्ट्रोकला जरा कमी आलं असतं, पण दुरुस्ती गावातल्या दोन पोरांच्या आवाक्यात राहिली असती. सार्वजनिक यंत्राला हा फरक जीवनमरणाचा असतो. एका माणसाची विहीर असेल तर तो चार माणसं गोळा करतो. गावाच्या चक्कीसाठी कुणी गोळा होत नाही, वायसर झिजत जातो, पाणी घटत जातं, आणि एक दिवस ‘चक्की काही कामाची नाही’ असं ठरून जातं.

वायसर रबराचे घातले होते. ते तातडीनं बदलावेत, कारण या पितळी सिलिंडरला आतून ओरखडे आहेत आणि कडक रबर त्यावर घासून झिजतं. चामड्याचा वाटीसारखा वायसर पाण्यात फुगतो आणि भिंतीला मऊपणे दाबून बसतो. यासाठी तर कोल्हापूरनं बाहेर बघायचं कारणच नाही. ज्या चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिचं हिरडा-बाभळीच्या सालीत कमावलेलं म्हशीचं चामडं वाटीचा आकार धरून ठेवतं. जाडी 4 ते 5 मिलीमीटर हवी. चकती कापून रात्रभर पाण्यात भिजवायची, लेथवर काढलेल्या साच्यात घालून दाबायची, सावलीत दोन दिवस वाळवायची, कड तिरकी कापायची आणि कोमट मेण-चरबीत बुडवायची. बसवताना वाटीचं तोंड वर. उलटी बसली तर दट्ट्या वरखाली होतो आणि पाणी मात्र येत नाही. बसवायच्या आदल्या दिवशी पुन्हा पाण्यात. कोरडा वायसर सिलिंडरमध्ये दुमडतो.

पंपाची तब्येत बघायला विहिरीत उतरावं लागत नाही, 20 लिटरची बादली पुरते. 3 इंची सिलिंडर आणि 8 इंची स्ट्रोकला हिशोबानं 0.93 लिटर पाणी येतं, म्हणजे 22 स्ट्रोकला बादली भरायला हवी. प्रत्यक्षात 25 लागले तर पंप उत्तम. 30 च्या पुढं गेले तर वायसर मागवा. सकाळी पाणी यायच्या आधी दहा-पंधरा स्ट्रोक कोरडे जात असतील तर दोष वायसरात नाही, तळाच्या फूटवॉल्व्हमध्ये, म्हणजे पाणी परत खाली जाऊ न देणाऱ्या झडपेत आहे. गावात ज्याला सरळ ‘फुटबॉल’ म्हणतात तोच. त्यात वाळूचा एक खडा अडकला की रात्रीतून नळी रिकामी होते. सोपवताना बादली लावली तेव्हा 29 स्ट्रोक लागले. नुकत्याच बसवलेल्या पंपाला हे शोभत नाही.

पाणी किती मिळेल, याबद्दल गावाला आधी स्पष्ट सांगायला हवं होतं. अशा चाकात पात्याच्या टोकाचा वेग साधारण वाऱ्याइतकाच असतो. वारा सेकंदाला 3 मीटर असेल तर चाक मिनिटाला 19 फेरे, पंप साडेपाच स्ट्रोक, तासाला सुमारे 270 लिटर. 4 मीटरला 360, 6 मीटरला 540. म्हणजे बऱ्या वाऱ्याच्या दहा तासांत तीन-साडेतीन हजार लिटर. म्हशीला दिवसाला 50 ते 70 लिटर धरले तर पन्नास-एक जनावरांचं भागतं. उसाला पाणी पाजायची स्वप्नं बघू नयेत. शिवाय आपल्याकडं वाऱ्याचा जोर आषाढ-श्रावणात, जेव्हा विहीर भरलेली आणि हौदाकडं कुणी फिरकत नाही. उन्हाळ्यात दुपारनंतरचे तीन-चार तास खरे कामाचे. म्हणून हौद 10,000 लिटरचा ठेवला हे शहाणपणाचं: वारा पडलेले तीन दिवस निघतात. भरून वाहणारं पाणी परत विहिरीत सोडणारी नळी हवीच, आणि तिच्यावर वॉल्व्ह बसवू नये. कुणीतरी तो बंद करतं आणि पंप पुढं पाणी जायला वाट नसताना रेटत राहतो.

वाऱ्याबद्दलच आणखी एक. नियम असा की चारशे फुटांच्या आत जे काही उभं असेल त्याच्यापेक्षा चाक किमान 15 फूट उंच हवं. चक्की उभारली तेव्हा पठार मोकळं असणार. आज पश्चिमेला, सव्वाशे फुटांवर तीन निलगिरी उभ्या आहेत, 40 फुटांच्या. पश्चिमेचा वारा त्यांच्यावरून फाटून चाकावर येतो, चाक सारखं दिशा शोधत राहतं. इतकं लोखंडकाम केलं, पण कारखान्यातून कुणी मनोऱ्यावर चढून चारी दिशांना बघितलं नाही. आता दोन पर्याय आहेत: परवानगी काढून शेंडे छाटणं, किंवा मनोऱ्याला खालून पंचवीस फुटांचा टप्पा वाढवणं. दुसरा महाग.

सुरक्षेचं काम माफक झालं. विहिरीवर जाळी बसवली. शिडीचे खालचे आठ फूट काढता येतील असे केले, शाळा शेजारी असताना हे हवंच. पण चाक बांधायची साखळी दिली नव्हती. नुसतं चाक मिटवून वर चढणं म्हणजे बेफिकिरी. वाऱ्याची दिशा फिरली की मिटलेलं चाकही दोन फेरे घेतं. आधी मिटवायचं, मग साखळीनं पातं मनोऱ्याला बांधायचं, मगच पेटी उघडायची, आणि दोन हुकांचा पट्टा कमरेला. चढण्याआधी खालून नीट बघा: थांबलेल्या मनोऱ्यावर आग्या मोहोळ बसायला उशीर लागत नाही.

जुनं जपण्याबद्दल कारखान्याचं कौतुक. शेपटाचा मूळ पत्रा सँडब्लास्ट न करता तारेच्या ब्रशनं साफ केला. सँडब्लास्टनं पातळ पत्रा फुगतो आणि उरलंसुरलं जस्तही जातं. काढलेले जुने गिअर आणि दोन मूळ पाती भंगारात न घालता गावाला परत दिली.

दर इथं लिहिलेले नाहीत, लोखंडाचा भाव हलला की आकडा खोटा ठरतो. ओतकाम किलोवर, हॉबिंग दातावर आणि बॅबिट वजनावर लागतं, हे ठाऊक असू द्या. कोटेशनमध्ये चार गोष्टी लिहून घ्याव्यात: पॅटर्नचे पैसे गाव देणार असेल तर पॅटर्न गावाचा, गिअरचा डीपी, दात आणि बोअर लिहिलेला नकाशा, पात्यांचा पत्रा कुठल्या थराचा, आणि काम पूर्ण झालं हे चाक फिरलं म्हणून नव्हे, बादली 25 स्ट्रोकला भरली तरच धरायचं. या चौथ्या अटीला इथल्या मिस्त्रींनी आधी कपाळाला आठ्या घातल्या. मग म्हणाले, “अवो, असं आधी सांगितलं असतं तर पंप मी स्वतः बसवला असता, पोरांकडनं नसता बसवला.” यातच सगळं आलं.

नळी बदलायचं काम अजून बाकी आहे. ते मे महिन्यात, पाणी तळाला असताना करावं, वळवाच्या आधी. तिकाटणं आणि चेन ब्लॉक उद्यमनगरात भाड्यानं मिळतो. चामड्याच्या चकत्या आत्ताच साच्यात घालून वाळवून ठेवता येतील, आणि एक जोड जादा असू द्यावा, पहिल्या वेळी वाटीची कड हमखास फाटते.